कुबडी, वीट आणि स्प्रिंग

पुण्याहून लोणावळ्याला निघालेली लोकल शिवाजीनगर सोडते आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी कारखान्यांची स्टेशने घेत पुढे जाते. शिवाजीनगरजवळ, मॉडेल कॉलनीत, बी. के. एस. अय्यंगारांची १९७५ साली उघडलेली योगसंस्था आहे आणि शेवटच्या स्टेशनाच्या गावी स्वामी कुवलयानंदांचे १९२४ सालचे कैवल्यधाम. मधल्या पट्ट्यात, वाकड-पिंपळे सौदागरपासून चाकणच्या वाटेवरच्या मोशीपर्यंत, सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागोमाग योगवर्गही आले. त्यांत पिलाटीसची कडी, फुगीर चेंडू आणि रबरी पट्टे शिरू लागले की एक नाराजी हमखास कानी येते: योगाला सतरंजीपलीकडे काही लागत नाही, बाकी सगळ्या कुबड्या. ही नाराजी समजण्यासारखी आहे, पण तिचा इतिहास कच्चा आहे.

मुळात ‘कुबडी’ ही शिवी कशी झाली, हेच नवल. समर्थ रामदासांच्या चित्रांत त्यांच्याजवळ दिसते ती कुबडी म्हणजे योगदंड, ध्यानाला बसताना काखेखाली किंवा हाताखाली घ्यायचा आधार. त्याहून कितीतरी जुना पुरावा पतंजलीच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात आहे. आसनांची नावे सांगताना भाष्यकार पद्मासन, वीरासन यांच्याच रांगेत ‘सोपाश्रय’ हे नाव घेतो. सोपाश्रय म्हणजे आधारासह. वाचस्पती मिश्र त्याचा अर्थ योगपट्टा असा लावतात, म्हणजे कंबर आणि गुडघे यांभोवती बांधायचा पट्टा. सांचीच्या तोरणांवर पर्णकुटीसमोर बसलेल्या तापसाच्या अंगावर हा पट्टा कोरलेला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र अशी बैठक सांगितली आहे, तीही फार उंच नाही आणि फार ठेंगणी नाही. चाकणच्या शेजारी आळंदीत ज्यांची समाधी आहे, त्या ज्ञानेश्वरांनी ही घडी मराठीत अगदी बारकाईने रचून दाखवली. बैठकीची उंची आज घोंगडीच्या घड्या कमी-जास्त करून जुळवतात. काम तेच, वस्तू बदलली.

यावर कोणी म्हणेल, बसायला आधार घेणे वेगळे आणि दोराला लोंबकळणे वेगळे. रास्त प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुण्यातच सापडते. वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘हठाभ्यासपद्धती’ नावाचे हस्तलिखित आहे. कर्ता कपाल कुरंटक, काळ बहुधा अठरावे शतक. त्यातल्या शंभराहून अधिक आसनांचे सहा गट पाडले आहेत आणि एक अख्खा गट दोरावरच्या आसनांचा आहे. काही आसने भिंतीच्या आधाराने करायची आहेत, काहींत एकच हालचाल पुन्हा पुन्हा करायची आहे. आखाड्यातल्या जोर-बैठकांचा वास या पानांना येतो. याच मराठी मुलखात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, हे आठवले की तो वास परका वाटत नाही. या पोथीतून अय्यंगारांच्या भिंतीवरच्या दोरांपर्यंत सरळ रेषा ओढता येणार नाही. मात्र अय्यंगारांचे गुरू कृष्णमाचार्य ज्या ‘योगकुरुंट’ ग्रंथाचे नाव घेत, त्याचा या कुरंटकाशी संबंध असावा, असे अभ्यासक सुचवतात. हठयोगात खेळकर प्रयोग शिरले ते विलायतेहून, हा समज तरी त्यामुळे टिकत नाही.

अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते डेक्कन जिमखान्यावर सहा महिने शिकवण्यासाठी, आणि कायमचे पुणेकर झाले. पुढे त्यांच्याकडे वय झालेली, दुखावलेली, कडक सांध्यांची माणसे येऊ लागली. पाठीच्या कण्याची कमान साधायला त्यांनी रस्त्याकडेच्या रोलरवरही अंग टाकून पाहिले होते. त्यातूनच लाकडी ठोकळे म्हणजे विटा, लोड, घडवंच्या, पाठ काढून टाकलेली लोखंडी खुर्ची अशी साधने घडत गेली. खुर्चीची पाठ काढली की त्या चौकटीतून पाय पलीकडे घालता येतात आणि मागे वाकताना कंबरेचा भार बैठकीवर येतो. शरीर इतके सुरक्षित झाले की छाती उघडते आहे का, मान आवळली आहे का, याकडे लक्ष द्यायला माणूस मोकळा होतो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये हे समजावून सांगावे लागणार नाही. फिक्श्चर जॉब घट्ट धरते म्हणून ड्रिल नेमके बसते. फिक्श्चर वापरणाऱ्या कामगाराला कोणी आळशी म्हणत नाही, आणि जॉब उतरला की फिक्श्चर त्याच्याबरोबर गिऱ्हाइकाकडे जात नाही.

आता पिलाटीस. ही व्यायामपद्धती घडवणारे जोसेफ पिलाटीस १८८३ साली जर्मनीत जन्मले, कुवलयानंदही त्याच साली. एक जण पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या नजरकैदेत व्यायाम शिकवत होता आणि पुढे न्यूयॉर्कला गेला. दुसरा बडोद्याच्या माणिकरावांकडे तालमीत तयार झाला आणि नौलीत आतड्यात निर्माण होणारी पोकळी लोणावळ्यात दाबमापकाने मोजू लागला. शरीर प्रयोगाला लावण्याची दोघांची भूक एकच. म्हणून ‘ते परके आणि हे आपले’ ही वाटणी मला पटत नाही. खरा फरक साधनाच्या कामात आहे. वीट, पट्टा आणि लोड शरीराला धरतात. पिलाटीसच्या यंत्रातली स्प्रिंग त्याच्याशी ओढाताण करते, ती फिक्श्चर नसून लोड-टेस्ट आहे. तिच्याशी झुंजताना स्नायू बळावतात, आणि दिवसभर असेम्ब्ली लाइनवर उभ्या राहणाऱ्याला किंवा स्क्रीनसमोर वाकलेल्याला त्या बळाची गरजही आहे. पण झुंज चालू असताना श्वास सहसा स्थिर राहत नाही, आणि पतंजली आसनाकडे मागतात ते स्थैर्य आणि सुख.

राहिला बाजाराचा आक्षेप, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. साधन विकत मिळू लागले की गरज नसलेल्याच्याही गळ्यात पडते. त्यावर उपाय बंदीचा नाही. वर्गात कडी आली तर गुडघ्यांमध्ये धरून ती हलकेच दाबावी, मांड्या जाग्या होतात का ते पाहावे, आणि नंतर ती बाजूला ठेवून तेच आसन पुन्हा करावे. दुसऱ्या खेपेला आसन सुधारले असेल तर कडी कामाची. नसेल, तर ती लहान मुलांना खेळायला द्यावी.