रापी, ठसा आणि बाभळीची साल

कोल्हापुरी चपलेच्या इतिहासात शाहू महाराजांचे प्रोत्साहन येते, २०१९ चे भौगोलिक मानांकन येते. रापी क्वचितच येते. चामडे कापणारी, सोलून पातळ करणारी ही रुंद पात्याची सुरी. ती चालवणाऱ्यांना गावाने अस्पृश्य ठरवले, त्यांनी घडवलेली चप्पल मात्र पायात घातली.

आजच्या हौशी कारागिरांना फिरत्या पात्याच्या पाश्चात्त्य सुरीचे आकर्षण आहे. ती चामडे आरपार कापत नाही, वरच्या थरात रेघ कोरते. मग रेघेलगत ठसे ठोकून नक्षी उठवतात. दोन्ही सुऱ्यांची पारख एकच: धार किती काळ टिकते. ठशाची कड मात्र फार तीक्ष्ण नको, चामडे फाटते.

पण खरा प्रश्न हत्याराचा नाहीच, कमावणीचा आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे ओलसर असताना ठसा घेते, वाळल्यावर तो राखते. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अमेरिकेत क्रोम कमावणीचे पेटंट घेतले. आठवड्यांचे काम दिवसांवर आले, चामडे मऊ झाले. त्यावर हातठसा मात्र नीट टिकत नाही, मग सुरी कितीही महागाची असो.