‘सार्तीन’ : मंत्र्याचे नाव, परक्यांचे निशाण

पेशवाईच्या उत्तरार्धाचा इतिहास आपण बहुधा दरबारातून आणि घाटावरच्या रणांगणातून वाचतो. जठारपेठेत बसून तो वाचणाऱ्याला तर त्यातला दर्या सहसा दिसतही नाही. ‘सार्तीन’ या फ्रेंच युद्धनौकेची हकीकत म्हणूनच लक्षात घेण्याजोगी आहे.

नौकेला नाव मिळाले ते आंत्वान द सार्तीन याचे. १७७४ ते १७८० या काळात तो फ्रान्सचा नौदलमंत्री होता. त्याच्याच कारकिर्दीत, १७७७ साली, सेंट लुबिन हा फ्रेंच वकील चौलला उतरून पुण्यास आला. त्याची पत आणि अधिकार दोन्ही शंकास्पद. तरीही नाना फडणीसांनी त्याचे थाटाने स्वागत केले. पुरंदरच्या तहानंतरही राघोबादादांना आसरा देणाऱ्या इंग्रजांना शह द्यायला फ्रेंचांची नुसती चाहूल उपयोगी होती. मात्र हे शस्त्र दुधारी ठरले. याच चाहुलीचे निमित्त करून मुंबईकर इंग्रज पुण्यावर चालून येण्याची भाषा बोलू लागले.

वकिलाच्या शब्दामागे आरमार किती होते, याचे उत्तर पूर्व किनाऱ्यावर मिळाले. १० ऑगस्ट १७७८ रोजी पाँडिचेरीसमोर त्राँझोलीच्या फ्रेंच ताफ्याची व्हर्ननच्या इंग्रजी ताफ्याशी गाठ पडली. या फ्रेंच ताफ्यात ‘सार्तीन’ होती. लढाई अनिर्णित राहिली. पण त्राँझोली पुढे मॉरिशसकडे निघून गेला, ‘सार्तीन’ त्याच महिन्यात इंग्रजांच्या हाती पडली आणि ऑक्टोबरात पाँडिचेरीही गेली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना नमवले ते मराठ्यांनी स्वबळावर.

नौकेचे नाव इंग्रजांनी बदलले नाही. बदलले फक्त निशाण. १७८० मध्ये नानांच्या पुढाकाराने हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले इंग्रजांविरुद्ध एकत्र आले. त्याच वर्षाअखेरीस हैदरच्या जहाजांवरील इंग्रजी कारवाईत ‘सार्तीन’ मलबार किनाऱ्यावर बुडाली. ज्या मंत्र्याच्या काळात मराठ्यांशी मैत्रीची बोलणी झाली, त्याच्या नावाची नौका अखेर मराठ्यांच्या मित्राविरुद्ध लढताना संपली.

सुफ्रेनचे समर्थ फ्रेंच आरमार या समुद्रात लढू लागले ते १७८२ च्या फेब्रुवारीत. मे महिन्यात सालबाईचा तह झाला. नानांचा हिशेब चुकीचा नव्हता. मित्राची गलबते वेळेवर यावीत, एवढेच त्यांच्या हाती नव्हते. स्वतःचे प्रबळ आरमार नसलेल्या सत्तेला दर्यावरची वेळ दुसऱ्याच्या घड्याळात पाहावी लागते. तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गाला जळाले, तेव्हा इंग्रजांच्या बाजूला पेशवेच होते, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.