तारजोडणीची व्हिडिओ डोअरबेल

दाराबाहेरील बेलच्या बटणातच कॅमेरा, मायक्रोफोन, स्पीकर आणि वाय-फायची जोडणी सामावलेले, आणि घरातील बेलच्या तारांमधून अखंड वीज घेणारे उपकरण. बटण दाबताच घरातली बेल वाजते, त्याच वेळी घरमालकाच्या मोबाइलवर पाहुण्याचे चित्र दिसते आणि घरात कोणी नसले तरी त्याच्याशी बोलता येते.

दारावरचा माणूस पडद्यावर पाहण्याची कल्पना मोबाइलपूर्व काळातील आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा सुरक्षा-यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्यांना ते मिळाले. दारातील एकाखाली एक अशा छिद्रांसमोर सरकणारा कॅमेरा, घरातील पडदा, दुतर्फा संभाषण आणि दुरून दार उघडण्याची सोय हे त्या यंत्रणेचे घटक होते. आजच्या उपकरणाचा गाभा त्यात जवळपास पूर्ण आलेला होता.

या उपकरणाची रचना ठरवणारी खरी अडचण विजेची आहे. उत्तर अमेरिकेतील घरांत ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टची वीज १६ ते २४ व्होल्टपर्यंत उतरवतो आणि ती घंटेच्या वेटोळ्यातून, दोन बारीक तारांवाटे, बटणापर्यंत जाते. साधे बटण दाबले की मंडल पूर्ण होते, वेटोळ्यात चुंबकत्व येऊन लोखंडी दांडा एका पट्टीवर आपटतो आणि बोट उचलताच स्प्रिंगमुळे मागे येऊन दुसरीवर आदळतो. साध्या बटणाला स्वतःला वीज लागत नाही. कॅमेऱ्याला मात्र ती सतत लागते, आणि तीही त्याच दोन तारांतून. म्हणून हे उपकरण वेटोळ्यातून इतकाच क्षीण प्रवाह ओढत राहते की दांडा हलू नये. बटण दाबल्यावर ते आपली दोन टोके आतून जोडते, सारा प्रवाह वेटोळ्याला मिळतो आणि घंटा वाजते. पण त्या क्षणी उपकरणाला स्वतःला वीज मिळेनाशी होते, त्यामुळे पाहुण्याचे चित्र नेमके हवे तेव्हाच बंद पडू नये यासाठी आत थोडी ऊर्जा साठवून ठेवावी लागते. क्षीण प्रवाह प्रमाणाबाहेर गेला तर घंटा गुणगुणते. त्यावर उपाय म्हणून गुगलच्या नेस्ट डोअरबेलसोबत घंटेच्या टोकांना जोडायचा एक छोटा घटक दिला जातो. २०२१ मधील ‘रिंग व्हिडिओ डोअरबेल वायर्ड’मध्ये याहून सोपा मार्ग निवडला गेला: सोबतच्या तारेने जुनी घंटा मंडलातून वगळायची आणि आवाजासाठी वेगळे यंत्र किंवा मोबाइल वापरायचा. घरातील वृद्धांचा विचार करता भिंतीवरची घंटा वाजती ठेवणारी रचनाच अधिक योग्य होय.

अखंड विजेचा मोठा लाभ सतत जागे राहण्यात आहे. बॅटरीवर चालणारी बेल सामान्यतः शरीराच्या उष्णतेची चाहूल लागल्यावर जागी होते, त्यामुळे घटनेचे पहिले क्षण निसटू शकतात; तारजोडणीची बेल चित्रप्रवाह सतत तपासते आणि घटनेच्या आधीचे क्षणही जतन करू शकते. भिंगाचा कोन विस्तृत असतो आणि चित्र बहुधा उभे ठेवतात, कारण दारात उभ्या माणसाचा चेहरा आणि उंबऱ्यापाशी ठेवलेले पार्सल ही दोन्ही एकाच चौकटीत यावी लागतात. २०१८ च्या ‘नेस्ट हॅलो’चे चित्र १६०० बाय १२०० बिंदूंचे होते, तर २०२२ मधील दुसऱ्या पिढीच्या तारजोड नेस्टचे ९६० बाय १२८०, मात्र माणूस, प्राणी, वाहन आणि पार्सल यांतील भेद हे नवे उपकरण स्वतःच्या आतच ओळखते. उपकरणाची गुणवत्ता केवळ बिंदूसंख्येवरून ठरवू नये, हे यावरून दिसते. पाठीमागे प्रखर ऊन असताना चेहरा काळवंडू नये म्हणून कमी-अधिक उजेड घेऊन टिपलेली चित्रे एकत्र करतात, आणि रात्री डोळ्यांना न जाणवणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा वापर होतो.

भारतात दाराची बेल सामान्यतः थेट २३० व्होल्टवर चालते. परदेशी पद्धतीचे उपकरण त्या तारांना जोडल्यास ते जळेल आणि जिवालाही धोका पोचेल, म्हणून योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावा लागतो. वीज गेल्यावरही उपकरण चालू ठेवायचे असेल, तर इंटरनेटचा राउटरसुद्धा इन्व्हर्टरवर घ्यावा लागतो. लोखंडी सेफ्टी डोअर आणि काँक्रीटच्या भिंती वाय-फायचे संकेत क्षीण करतात. अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अधिक उपयोगी पडतो.

खासगीपणाचा प्रश्न मात्र तंत्राने पुरता सुटलेला नाही. ऑक्सफर्डच्या काउंटी न्यायालयाने २०२१ मध्ये शेजाऱ्यांमधील एका दाव्यात, दूरचे संभाषण टिपणारे ध्वनिमुद्रण चित्रीकरणाहूनही अधिक आक्षेपार्ह मानले. कर्मचाऱ्यांना ग्राहकांची खासगी चित्रे पाहता येत होती, असा आरोप २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग कंपनीवर ठेवला, आणि त्या प्रकरणात ५८ लाख डॉलर ग्राहकांना परत देण्याचे ठरले. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत समोरासमोर दारे असल्याने शेजाऱ्याचे येणे-जाणे सहज टिपले जाते. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. त्यामुळे अनेक उपकरणांत असलेली चौकटीचा काही भाग झाकण्याची आणि ध्वनिमुद्रण बंद ठेवण्याची सोय वापरणे ही मालकाचीच जबाबदारी ठरते, आणि उपकरण बसवतानाच ती पार पाडावी.