लालसर चट्टा महिनाभरात जात नसेल, तर तपासणी आवश्यक

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीचा परिसर जंगल, धानशेती आणि मॅंगनीजच्या खाणींचा. अशा भागात घाम, चिखल व ओल्या कपड्यांमुळे अंगावर लालसर डाग उठणे नित्याचे असते. त्यामुळेच त्याकडे दुर्लक्षही होते. मात्र, तीन-चार आठवड्यांनंतरही कायम राहणारा चट्टा तपासून घेणे हिताचे ठरते.

कारणे कोणती?

खाज सुटणारा, कडा उठावदार व मध्यभागी त्वचा साफ असलेला गोल चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो. त्वचा कोरडी पडून खाजवल्यावर पाणी येत असेल, तर इसबाची शक्यता असते. कोपर, गुडघे किंवा डोक्यावर चंदेरी खवले असलेले लाल चट्टे सोरायसिसचे असू शकतात. हा आजार संसर्गजन्य नाही.

खाज नाही, वेदना नाही, असा फिकट किंवा लालसर चट्टा मात्र अधिक गांभीर्याने घ्यावा. डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा हलकेच फिरवावा. स्पर्श जाणवत नसल्यास कुष्ठरोगाची शंका येते. चट्ट्यावर घाम न येणे, केस विरळ होणे, हातापायांना मुंग्या येणे हीदेखील लक्षणे होत. स्पर्श जाणवला तरी शंका पूर्णपणे दूर होत नाही. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

कुष्ठरोग संपलेला नाही

दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. तथापि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत त्यानंतरही नवे रुग्ण आढळत राहिले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा आजार पूर्ण बरा होतो. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचे हे औषध सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते. विलंब झाला, तर मज्जातंतूंना इजा होऊन बोटे वाकडी होतात आणि हे व्यंग औषधाने भरून निघत नाही.

काळजी कशी घ्यावी?

त्वचा स्वच्छ व कोरडी ठेवावी, सैल सुती कपडे वापरावेत. टॉवेल, कपडे स्वतंत्र असावेत. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये. त्याने लाली तात्पुरती ओसरते. पण गजकर्ण आतून पसरते आणि निदानही अवघड होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, ती यासाठीच. गजकर्णाचे औषध खाज थांबताच बंद न करता डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे.

तापासोबत उठलेले आणि दाबल्यावरही फिके न पडणारे लाल ठिपके त्वचेखालील रक्तस्रावाचे असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वाढत जाणारा किंवा रक्त येणारा डागही लवकर दाखवावा.

चट्टा लपवण्यात भीतीपेक्षा लाजेचा वाटा मोठा असतो. ती बाजूला सारून वेळीच दाखवलेला चट्टा हातापायाचे व्यंग टाळू शकतो.