मासा दाखवणारं यंत्र लहान बोटीवर कसं आलं?

किनाऱ्यावर राहणारे आपले श्रोते एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. बोट लहान आहे, पैसे मोजके आहेत, तर चार्टप्लॉटर घ्यावा की फिश फाइंडर? हल्ली दुकानात दोन्ही एकाच पडद्यावर मिळतात, त्यामुळे ते एकच यंत्र आहे असं वाटतं. पण चार्टप्लॉटर सांगतो आपण कुठे आहोत आणि फिश फाइंडर सांगतो आपल्या खाली काय आहे. या दोघांचा जन्म वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कारणांनी झाला. तो इतिहास समजला की खरेदीचा निर्णय सोपा होतो.

ही यंत्रं नव्हती तेव्हाही तांडेलाला हे दोन्ही प्रश्न पडतच होते. खोली मोजायला शिसं बांधलेली दोरी सोडायची आणि किती वाव पाणी आहे ते हातांनी मोजायचं. जागा ओळखायला किनाऱ्यावरचा डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरायचा. किनारा दिसेनासा झाला की तारे, वारा आणि पाण्याचा रंग.

आधी खोलीची गोष्ट घेऊ. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली आणि पाण्यातला धोका आधी कसा कळेल, याचा शोध जोरात सुरू झाला. जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याच्या यंत्राचं पेटंट १९१३ मध्ये घेतलं. रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये न्यूफाउंडलंडजवळच्या समुद्रात सुमारे दोन मैलांवरच्या हिमनगाचा प्रतिध्वनी पकडला. मग पहिलं महायुद्ध आलं. पाणबुड्या शोधायच्या होत्या, म्हणून फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून कानाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडला. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला, यावरून खोली काढायची. आजच्या फिश फाइंडरचं तत्त्वही हेच आहे.

यात मासा कुठून आला? तळाच्या रेषेच्या वर अधूनमधून डाग उमटायचे. नॉर्वेच्या ओस्कार सुन्द यांनी १९३५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात लोफोतेनच्या समुद्रातल्या कॉड माशांच्या थव्यांचे असे प्रतिध्वनी प्रसिद्ध केले.

पण साध्या मच्छीमाराच्या हातात हे यंत्र दिलं ते जपानमधल्या दोन भावांनी. कियोताका फुरुनो हे नागासाकी भागातल्या कुचिनोत्सू बंदरात बोटींची विजेची कामं करायचे. मासा जिथे असतो तिथे बुडबुडे येतात, असं त्यांना मच्छीमारांकडून कळलं होतं. त्यांनी विचार केला, बुडबुड्यांवरून ध्वनी परततो, मग मासा ध्वनीने का सापडू नये? दुसरं महायुद्ध संपल्यावर नौदलाचं जुनं खोलीमापक यंत्र मिळवून, धाकट्या भावाबरोबर खटपट करून त्यांनी १९४८ मध्ये मच्छीमारांसाठी फिश फाइंडर बाजारात आणला. सुरुवातीला मच्छीमारांचा त्यावर विश्वास नव्हता. गोतो बेटांजवळ धाकटा भाऊ स्वतः बोटीवर गेला, कागदावर उमटणाऱ्या खुणा वाचायला शिकला, आणि जाळी भरून आल्यावरच लोक मानायला लागले. नुसतं यंत्र पुरेसं नव्हतं. समुद्र ओळखणारा माणूस त्याच्याशेजारी उभा राहिला, तेव्हा ते चाललं.

आता जागेची गोष्ट. जीपीएस ही अमेरिकी लष्कराची व्यवस्था. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियाचं प्रवासी विमान भरकटून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर रेगन सरकारने जाहीर केलं की ही व्यवस्था तयार झाल्यावर सामान्य लोकांनाही खुली असेल. तरी नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असायची आणि जागा शंभरेक मीटरने चुकायची. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली. मग बुडालेल्या जाळ्यावर किंवा खडकावर थेट परत येणं लहान बोटीलाही जमू लागलं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आधी स्वतःची मासेमारी बघा. पालघर-रायगडच्या किनाऱ्यावर डोल जाळं एका जागी रोवलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासा आत येतो. अशा मच्छीमाराला आपलं जाळं नेमकं कुठे आहे हे सांगणारा प्लॉटर जास्त उपयोगी. थव्यामागे फिरून जाळं टाकणाऱ्याला फिश फाइंडर हवा. मग पाणी बघा. उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झचा ध्वनी बारीक तपशील दाखवतो, पण तो खोलवर पोहोचत नाही. खोल पाण्यासाठी ५० किलोहर्ट्झ लागतो. आणि मासा बघा. प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून येतो. मुशीला ती पिशवीच नसते, त्यामुळे तिची खूण फिकी उमटते. नकाशावरही आंधळा विश्वास नको. त्यावरची खोली साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीची असते, आणि मुंबईकडे मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे तर सरकत असतात.

या दोन यंत्रांना न जमणारी दोन कामंही सांगायला हवीत. पहिलं, तुम्ही कुठे आहात हे प्लॉटर तुम्हाला सांगतो, किनाऱ्याला नाही. २०१७ च्या अखेरीस ओखी चक्रीवादळ आलं, तेव्हा केरळ आणि कन्याकुमारीचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. बोटीवर जीपीएस असलं तरी तेवढ्याने वादळाचा इशारा तिथवर पोहोचत नाही. अनेक जण परत आले नाहीत. त्यानंतर उपग्रहावरून इशारे पाठवण्याच्या कामाला वेग आला. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमधून एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. म्हणून माझं मत विचाराल तर पैशांचा क्रम असा ठेवा: आधी इशारा आणि संपर्काचं साधन, मग जागा, मग मासा.

दुसरं, मासा कुठे आहे हे यंत्र सांगतं, किती शिल्लक ठेवायचा ते सांगत नाही. नॉर्वेच्या समुद्रात सोनार आणि जाळं ओढणारी यांत्रिक कप्पी एकत्र आली, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथला हेरिंग मासा जवळजवळ संपला. तो सावरायला वीसेक वर्षं गेली.

जाता जाता एक लक्षात ठेवा. फिश फाइंडरच्या पडद्यावर अगदी उजवीकडची रेघ म्हणजे आत्ताचा क्षण. डावीकडचं सगळं बोटीने मागे टाकलेलं पाणी. नवखा माणूस डावीकडचा थवा बघून जाळं टाकतो, तोवर बोट पुढे गेलेली असते. जुना तांडेल आधी उजवीकडे बघतो, आणि मग मान वर करून समुद्राकडे.