निरोपाच्या दिवशी काय लिहून ठेवावं?

लातूर-नांदेडकडच्या खेड्यांतल्या जुन्या शाळांची दाखल रजिस्टरं चाळली, तर १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा भेटते. पूर्वी घरोघरी जन्माची नोंद नसे. मुलाला शाळेत आणलं की गुरुजी अंदाजानं वय ठरवत आणि जूनमध्ये सुरू होणाऱ्या शाळेला सोयीची तारीख लिहून टाकत. यातली काही मुलं पुढे स्वतः शिक्षक झाली. शिक्षक ५८व्या वर्षी निवृत्त होतात, आणि जन्म महिन्याच्या १ तारखेचा असला तर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. त्यामुळे ३१ मे हा अनेकांच्या निवृत्तीचा दिवस ठरतो.

पण ३१ मेला शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते! समारंभ त्याच दिवशी झाला, तर सहकारी येतात, अधिकारी येतात, नातेवाईक येतात. शाल, श्रीफळ, भाषणं, जेवण सगळं होतं. ज्यांच्यासाठी गुरुजींनी आयुष्य वेचलं ती मुलं तेवढी तिथे नसतात.

माझ्या विज्ञानाच्या सरांना मिळालेलं मानपत्र मी त्यांच्या घरी भिंतीवर पाहिलं. ‘विद्यार्थिप्रिय’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘ज्ञानदानाचं पवित्र कार्य’ असे शब्द त्यात होते. ते खोटे नव्हते. पण हेच मानपत्र नाव बदलून दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाला देता आलं असतं. प्रयोगशाळेत आम्ही नोंदवहीत ‘द्रावण सुंदर दिसले’ असं लिहीत नाही. रंग कोणता, तापमान किती, वेळ किती लागला, ते लिहितो. सरांनी एका दुपारी वर्गाची खिडकी पुठ्ठ्यांनी बंद केली, एका पुठ्ठ्याला पेन्सिलीएवढं भोक पाडलं, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचं कडुलिंबाचं झाड उलटं उमटलं. ‘शेंडा खाली का गेला?’ एवढंच विचारून ते गप्प बसले. प्रकाश सरळ रेषेत जातो हे उत्तर आम्हाला सापडायला अर्धा तास लागला. मी संशोधनाकडे वळलो त्याची सुरुवात तिथे आहे. मानपत्रात ती दुपार नव्हती.

मराठवाड्यात शिक्षकानं शाळा सोडणं ही काही वेळा इतिहासातली घटना ठरली आहे. निजामी राजवटीत सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले, जाहीर सभेला आधी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम त्यासाठीच प्रसिद्ध होता. अशा काळात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या शाळांना वेगळंच महत्त्व आलं. व्यंकटेश खेडगीकर हे शिक्षक हिप्परग्याला असतानाच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे ते अंबाजोगाईला मुख्याध्यापक होते. १९३८ साली त्यांनी शाळा सोडली. वय पस्तिशीच्या आत, म्हणजे निवृत्तीचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे. त्यांच्या लढ्याचे तपशील अनेक पुस्तकांत मिळतात; पण वर्गात ते एखादा धडा कसा शिकवत, हे सांगण्याचं काम त्यांच्या विद्यार्थ्यांचंच होतं.

नांदेडचंच दुसरं उदाहरण नरहर कुरुंदकरांचं. ते प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते. १९६३ साली पीपल्स कॉलेजात गेले, पुढे प्राचार्य झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) व्यासपीठावर असतानाच त्यांचं निधन झालं. तोवर त्यांची ख्याती महाराष्ट्रभर पसरली होती, तरी नांदेडकरांसाठी ते ‘गुरुजी’च राहिले. प्राचार्याला गावानं गुरुजी म्हणत राहणं, यापेक्षा मोठं मानपत्र कोणतं?

तरीही नुसत्या संबोधनातून शिकवणं कळत नाही. त्यासाठी कुणीतरी लिहावं लागतं. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांना १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्यानंतर सुमारे महिनाभरानं त्यांनी अल्जीयर्समधल्या आपल्या प्राथमिक शिक्षकांना, लुई जेर्मेन यांना, आभाराचं पत्र लिहिलं. या शिक्षकांनी गरीब घरातल्या त्या मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी जादा वेळ देऊन तयार केलं होतं. पत्र जपलं गेलं, म्हणून अल्जीयर्सचा एक प्राथमिक शिक्षक आज जगाला ठाऊक आहे.

आपल्या शाळेत हे सहज करता येईल. शिक्षक बदलून जाणार असोत की निवृत्त होणार असोत, समारंभ एप्रिलमध्ये, मुलं शाळेत असताना ठेवावा. त्याआधी आजी-माजी दहा विद्यार्थ्यांना एकेक कोरा कागद द्यावा. गुरुजींच्या कोणत्याही एका तासाबद्दल लिहायला सांगावं: इयत्ता कोणती, विषय कोणता, फळ्यावर काय काढलं, काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं. विशेषणं नकोत. एक प्रत गुरुजींना द्यावी, एक शाळेच्या दप्तरात ठेवावी. त्यांच्या जागी जूनमध्ये येणाऱ्या नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी तेच कागद वाचायला द्यावेत. खिडकीला भोक कुठे पाडायचं, ते त्याला त्यातून कळेल.