मुन्शींचा घाट आणि पडद्यावरचे मराठे

आजचा भाग वाराणसीतून, मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसून बोलतो आहे. समोर नावांची ये-जा आहे आणि मागे माकडांचा धुडगूस, तेव्हा मध्येच आवाज आला तर सांभाळून घ्या.

सकाळी नावेतून घाट पाहिले. नावाडी तरुण, बोलका. त्याच्या लेखी प्रत्येक घाटाची ओळख म्हणजे एकेक चित्रपट. इथे 'रांझणा', तिथे 'मसान', पलीकडे 'ब्रह्मास्त्र'. मुन्शी घाट आला तेव्हा मात्र तो गप्प झाला. मी विचारले, हे मुन्शी कोण? तो म्हणाला, "कोई मुन्शीजी रहे होंगे, साहब."

उत्तर चूक नव्हते. हे मुन्शीजी आपलेच. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारात अर्थखाते सांभाळणाऱ्या श्रीधर नारायण मुन्शी यांनी 1812 च्या सुमारास हा घाट बांधला. 1915 मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी लगतचा भाग घेतला. तो उंच, देखणा दगडी महाल पर्यटकांना दिसतो, तो त्यांचा. आता साल लक्षात घ्या. 1803 मध्ये आडगाव आणि गाविलगडच्या लढाया हरून दुसऱ्या रघुजींनी देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाड गमावले. म्हणजे हा घाट विजयाच्या भरात बांधलेला नाही. निम्मे राज्य गेल्यावर, हिशेब सांभाळणाऱ्या माणसाने बांधलेला आहे. डाव्या हाताला अहिल्याबाईंचा घाट, त्यापुढे पेशव्यांशी नाते सांगणारा दशाश्वमेध. काशीच्या या किनाऱ्यावर मराठ्यांनी तलवारीने काही जिंकले नाही. जे उभे केले ते पैसे, पत्रव्यवहार आणि चिकाटी यांच्या बळावर.

हे सगळे आजच सांगायचे कारण, गेल्या दहा वर्षांत मराठ्यांवरचे सगळे मोठे हिंदी चित्रपट मी तिकीट काढून पाहिले आहेत. अनेकांनी कळवले, सर, एकदा तुमचे प्रामाणिक मत सांगा. तर ऐका. या चित्रपटांत तलवार भरपूर आहे, मुन्शी कुठेच नाही. फौजेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट खटकते, कारण गोळी झाडणाऱ्या प्रत्येक जवानामागे लंगर, खेचरे, ट्रक आणि रजिस्टर घेऊन बसलेला क्वार्टरमास्टर असतो. तो चुकला तर शौर्य तिसऱ्या दिवशी उपाशी झोपते.

'तान्हाजी' (2020) मी नातवंडांबरोबर पाहिला आणि मजा आली, हे आधी कबूल करतो. पण 4 फेब्रुवारी 1670 ची ती रात्र म्हणजे गुप्त हल्ला. आम्हाला प्रशिक्षणात शिकवायचे, रात्रीच्या कारवाईला निघताना पाण्याची बाटली एकतर पूर्ण भरा नाहीतर रिकामी ठेवा, अर्धी असली की पाणी हिंदकळून आवाज होतो. पडद्यावर मात्र आरडाओरडा आणि राजगडावर रोखलेली 'नागिन' नावाची प्रचंड तोफ! सिंहगडावरून राजगड डोळ्यांना दिसतो म्हणून तिथवर गोळा जात नसतो. उदयभानाचे काम करणाऱ्या सैफ अली खानने पुढे एका मुलाखतीत सांगून टाकले की हा इतिहास आहे असे त्याला वाटत नाही. त्यावर गदारोळ झाला. मला तो प्रामाणिक वाटला.

'बाजीराव मस्तानी' (2015) वर फार बोलत नाही. 'पिंगा' आणि 'मल्हारी' या गाण्यांवरून व्हायचा तो वाद तेव्हाच झाला. माझी तक्रार वेगळी आहे. 1728 च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावांनी निजामाची रसद आणि पाणी तोडून, मोठी लढाई न करता त्याला मुंगी-शेवगावच्या तहापर्यंत आणले. जगभरातले सेनाधिकारी ती मोहीम अभ्यासतात. आपल्या चित्रपटाला ती मांडावीशी वाटली नाही.

आता 'पानिपत' (2019). आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट तिकीटबारीवर आपटला, समीक्षकांनी झोडपला, सूरजमल जाटांच्या चित्रणावरून राजस्थानात निदर्शने झाली आणि काही दृश्ये कापावी लागली. अर्जुन कपूर भाऊसाहेब वाटत नाही हेही खरे. तरीही या सगळ्यांत माझे झुकते माप त्याला आहे. कारण त्यात उदगीर जिंकून आलेल्या सदाशिवरावभाऊंना दौलतीचे हिशेब पाहायला बसवले आहे आणि ते थकबाकी शोधून काढतात. सेनापती वह्या उलटतो आहे, असे दृश्य हिंदी चित्रपटात मी दुसरीकडे पाहिलेले नाही! आणि खरे पानिपत तिथूनच सुरू होते.

1760 च्या ऑगस्टमध्ये भाऊंनी दिल्ली घेतली, पण तिजोरी रिकामी. फौजेचा पगार भागवायला दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून वितळवावे लागले. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतले, तिथे अब्दालीसाठी साठवलेले धान्य हाती आले आणि काही दिवस पोटभर गेले. त्याच सुमारास अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि आपल्या फौजेचा दिल्लीशी व दक्षिणेशी संबंध तुटला. बरोबर बायका-मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे. म्हणजे लढणारे हात कमी आणि खाणारी तोंडे जास्त. दुआबातून रसद आणि पैसा पाठवण्याची जबाबदारी गोविंदपंत बुंदेल्यांवर होती. वयस्क कारभारी माणूस, पिंड महसुलाचा. डिसेंबरात ते मारले गेले. माझ्या मते पानिपतचा निकाल त्या दिवशी लागला. 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना गोळी लागली हे आपल्याला पाठ असते, गोविंदपंत कधी पडले हे कुणी विचारत नाही. चित्रपटात उपासमार येते, पण घाईघाईने. पुढची लढाई लांबवायची असते ना!

मग 'छावा' (2025). विकी कौशलचे काम उत्तम, अक्षय खन्नाचा औरंगजेब त्याहून उत्तम. कवी कलश झालेला विनीतकुमार सिंह तर याच बनारसचा. संभाजी महाराजांच्या बदनामीची जुनी पुटे घासून काढायला या चित्रपटाने मदत केली, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. शेवटच्या भागात, त्यांच्या हालांच्या वेळी, माझ्या बाजूच्या खुर्चीतला मुलगा हुंदके देत होता. मीही कोरडा नव्हतो.

पण चित्रपट 11 मार्च 1689 ला संपतो आणि प्रेक्षक तो संताप घेऊन रस्त्यावर येतो. इथे माझी खरी तक्रार आहे. त्यानंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, संताजी-धनाजींनी मोगलांची रसद आणि खजिने लुटून त्यांना जेरीस आणले आणि महाराष्ट्रातला कारभार कुणी ओढला? रामचंद्रपंत अमात्यांनी. पुन्हा एक हिशेबाचा माणूस! पुढे ताराबाईंनी झुंज चालू ठेवली. दख्खन जिंकायला आलेला औरंगजेब पंचवीस वर्षे इथे अडकला, 1707 मध्ये अहमदनगरजवळ मेला आणि खुलताबादला पुरला गेला. तो दिल्लीला परत गेलाच नाही. ती साधी कबर आपल्या बाजूचा पुरावा आहे, असे मला वाटते.

तीच कबर हटवण्याच्या मागणीवरून 17 मार्च 2025 ला नागपुरात आंदोलन झाले, अफवा पसरल्या आणि महाल भागात दगडफेक, जाळपोळ झाली. संचारबंदी लागली. एकाचा जीव गेला. औरंगजेबाविरुद्धच्या लोकांच्या भावना 'छावा'मुळे भडकल्याचे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. चित्रपटाने दंगल घडवली असे मी म्हणणार नाही. दगड माणसे उचलतात आणि अफवा माणसेच पसरवतात. पण महाल म्हणजे भोसल्यांच्या वाड्याचा परिसर. ज्या दरबारातल्या मुन्शींनी हे दगड इथे बसवले, त्याच दरबाराच्या अंगणात आपण तिनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहावरून शेजाऱ्याची गाडी जाळली. बातमी पाहिली त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक जण नेहमी विचारतो, मग सर, तुम्हाला युद्धाचे आवडते तरी काय? 'सॅम बहादुर' (2023) मध्ये एक प्रसंग आहे. एप्रिल 1971, इंदिराजी विचारतात, फौज लगेच पाठवता येईल का? माणेकशॉ नाही म्हणतात. पूर्वेकडे पावसाळा येतो आहे, नद्या फुगतील, रणगाडे तयार नाहीत, मला वेळ द्या. एक गोळी सुटत नाही. चित्रपट एकूण विस्कळीत आहे, पण तो प्रसंग मी तीनदा पाहिला. पंतप्रधानांसमोर असे 'नाही' म्हणायला किती बळ लागते, हे गणवेश घातलेल्याला विचारा.

त्यातही विकी कौशलच. आणि या काठाने त्याला पहिल्यांदा पाहिला तो 'मसान'मध्ये, 2015 साली, चिता रचणाऱ्या डोम घरातला पोरगा म्हणून. दिग्दर्शक नीरज घायवान, हैदराबादच्या मराठी घरातला. त्यात तलवार नाही, जयघोष नाही. तरी त्या पोराचे दुःख मला सिंहासनाइतके मोठे वाटले. 'छावा' पाहिलेल्या मुलांनो, तोही पाहा.

आता थांबतो. दशाश्वमेधाच्या आरतीची गर्दी सुरू झाली आहे आणि सकाळचाच नावाडी नवे प्रवासी घेऊन येताना दिसतो आहे. मघाशी त्याला मुन्शींचे नाव आणि गाव सांगितले आहे, बघू लक्षात राहते का. पुढच्या भागात रामचंद्रपंत अमात्य. जमले तर पन्हाळ्यावरून बोलीन.